मुलें शेतावर जातात तेव्हां

इयत्ता तिसरीच्या छत्तीस मुलांची शेतावरील सहल हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना वाटेल कीं, या गृहस्थाला वेळ भरून काढावयास दुसरें कांहीं सुचलेलें दिसत नाहीं. सहल म्हणजे आगगाडी, डबे, गाणीं, चिखलानें भरलेले कपडे आणि दुसऱ्या दिवशींचा निबंध. यांत व्याख्यान देण्यासारखें काय आहे? पंचवीस वर्षें शिक्षकाचा पेशा करूनही माझें मत याहून वेगळें नव्हतें. तें ज्या एका दिवशीं बदललें, त्या दिवसाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. तींत माझी फजिती आहे. पण शिक्षकाची फजिती पुष्कळदां मुलांच्या फायद्याची ठरते, म्हणून ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

गोष्ट २०२२ सालच्या जुलै महिन्यांतील आहे. पुण्याच्या एका प्राथमिक शाळेंत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. हीं मुलें पहिलींत आलीं तें वर्ष २०२० चें. महामारीमुळें शाळांच्या दारांना कुलुपें लागलेलीं. त्यांची अक्षरओळख झाली ती आईबापांच्या हातांतील दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर. गाणीं त्यांनीं पडद्यावर ऐकलीं, पाढे पडद्यापुढें म्हटले आणि झाडेंही पडद्यावरच पाहिलीं. ‘परिसर अभ्यास’ शिकवितांना मीं एकदां विचारलें, "भाताचें झाड केवढें असतें?" एक चुणचुणीत मुलगी ताडकन् उठून म्हणाली, "आंब्याच्या झाडाएवढें!" मीं कारण विचारलें. ती म्हणाली, "आमच्या घरीं आंबेमोहोर तांदूळ आणतात." वर्गांत कोणीही हंसलें नाहीं, कारण तें उत्तर सर्वांनाच पटलें होतें. त्याच दिवशीं मीं ठरविलें कीं, या मुलांना भाताचें शेत दाखवावयाचेंच.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें तासाभरांत कामशेत येतें. हा मावळ, पावसाचा आणि भाताचा मुलूख. आंब्याच्या मोहरासारखा ज्याचा वास, तो आंबेमोहोर तांदूळ या डोंगराळ पट्ट्यांतला. त्याच्याच वंशांतील इंद्रायणी हें वाण वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं प्रसारित झालें, आणि आज मावळांतील पुष्कळ खाचरांतून तेंच डोलतांना दिसतें. भाताचें बीं प्रथम लहानशा वाफ्यांत दाट पेरतात. तीन-साडेतीन आठवड्यांचीं झालेलीं रोपें उपटून त्यांच्या मुठी बांधतात, आणि पाण्यानें भरलेल्या खाचरांत चिखलणी करून तीं पुन्हां लावतात. एका पिकाला दोनदां जमिनींत घालण्याचा हा खटाटोप. चिखलणीला आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्र आलें आहे; परंतु लावणी अजून बहुतेक जागीं वांकलेल्या पाठींनींच होते, आणि त्या पाठी बहुधा बायकांच्या असतात.

माझ्या एका स्नेह्याच्या ओळखीनें, दीड एकर खाचर असलेल्या एका शेतकऱ्यानें आम्हांला यावयास सांगितलें होतें. शनिवार होता. आभाळ भरून आलें होतें. घरच्या म्हाताऱ्या आजी, त्यांची सून आणि सावडीनें आलेल्या शेजारच्या तीन बाया ओळींत लावणी करीत होत्या. पूर्वीं अशा वेळीं डोक्यावर पानांचीं इरलीं असत. त्यांची जागा प्लॅस्टिकच्या कागदानें घेतली आहे, पाऊस मात्र तोच आहे. शेतकऱ्यानें बांधालगतचा सुमारें अर्धा गुंठा आमच्या हवालीं केला. आजींनीं दोन-चार रोपें लावून दाखविलीं, काय करावें काय करूं नये तें सांगितलें; पण पावसाच्या आवाजांत आणि मुलांच्या गलबल्यांत तें कोणाच्या कानांपर्यंत पोंचलें नाहीं. मीं मोठ्या उत्साहानें म्हटलें, "मुलांनो, आज आपण या दादांना मदत करावयाची आहे!" एवढें ऐकतांच छत्तीस मुलें चिखलांत उतरलीं.

त्या तासाचें वर्णन मी करीत नाहीं. पहिलें पाऊल रुततांच किंचाळलेलीं मुलें दहा मिनिटांत चिखलाला सरावलीं. कोणाला खेकडा दिसला, कोणाच्या पायावरून बेडूक गेला, एका मुलाचा तोल जाऊन तो बसला तो उठेचना. मी बांधावरून छायाचित्रें घेत होतों. माझ्या मुलांच्याच वयाचा एक मुलगा तेथें उभा होता, आजींचा नातू. तो हात पुढें करून मुलांना सारखें कांहीं सांगूं पाहत होता. मीं त्याला म्हटलें, "बाळ, जरा बाजूला हो पाहूं, छायाचित्रांत येतोस." तो निमूटपणें बाजूला झाला.

चार वाजतां आम्ही निरोप घेऊन स्थानकावर आलों. तेथें एका मुलाच्या लक्षांत आलें कीं, त्याचा चष्मा शेतकऱ्याच्या घराच्या ओट्यावर राहिला आहे. गाडीला सव्वा तास अवकाश होता. मुलांना दोघी सहकारी शिक्षिकांच्या स्वाधीन करून, एका गांवकऱ्याच्या दुचाकीवर मागें बसून मी परत गेलों. चष्मा ओट्यावर होता. घरांत मात्र कोणी नव्हतें. म्हणून मी खाचराकडे वळलों, आणि बांधावर येऊन जागच्या जागीं उभा राहिलों.

आजी आणि सून आमच्या अर्ध्या गुंठ्यांत होत्या. माझ्या मुलांनीं लावलेलें एकएक रोप त्या उपटीत होत्या, धुवून वेगळें करीत होत्या आणि पुन्हां लावीत होत्या. पाऊस वाढला होता. मला पाहून सून ओशाळली. चोरी जणूं तिचीच पकडली गेली होती! आजी मात्र न थांबतां म्हणाल्या, "मास्तर, लेकरं हौसेनं आली, हौसेनं लावून गेली. पण रोपाला कुठं हौस कळती? खोल गेलेलं फुटायचं न्हाई, वर राहिलेलं तरंगायचं."

मीं विचारलें, "मग तेव्हांच कां नाहीं सांगितलेंत, आजी?"

त्या म्हणाल्या, "पाव्हणी लेकरं ती. आन् तुमी म्हनला, मदत करायला आलोय. मदतीला न्हाई कसं म्हनायचं?"

श्रोतेहो, याहून सौम्य शब्दांत मला आजवर कोणीं शिक्षा केलेली नाहीं. मीं त्यांच्याजवळ बसून विचारून घेतलें, तेव्हां जें समजलें तें शेतकीच्या कोणत्याही पुस्तकांत सांपडेल. पण मीं तें आधीं वाचलें नव्हतें. एके ठिकाणीं दोन-तीनच रोपें लावावयाचीं. तेवढ्या जुडग्याला चूड म्हणतात. रोप दोन-तीन सेंटिमीटरच खोल जावें. त्याहून खोल गेलें तर नवे फुटवे उशिरां आणि थोडे येतात. फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी, आणि लोंब्या कमी म्हणजे घरांत येणारें धान्य कमी. माझीं मुलें सात-आठ रोपांचे झुबके मनगटापर्यंत हात खुपसून पुरीत होतीं. बांधावरचा तो मुलगा हेंच सांगूं पाहत होता. निघतांना आजींनीं उरलेल्या रोपांची एक मूठ माझ्या हातांत दिली आणि म्हणाल्या, "शाळेत लावा. चुकलं तर कुनाचं नुकसान न्हाई."

सोमवारीं छत्तीस निबंध माझ्या मेजावर आले. बहुतेक सर्वांत एक वाक्य होतें: आम्हीं शेतकऱ्यांना मदत केली. तें वाक्य त्यांना मींच दिलें होतें. आतां काय करावें? मुलांना खरें सांगितलें तर त्यांच्या आनंदावर विरजण पडणार. न सांगितलें तर ज्यांच्या दोन बायका भर पावसांत अंधार पडेपर्यंत राबल्या, त्यांच्यावर उपकार केल्याची समजूत घेऊन हीं मुलें मोठीं होणार. आठ वर्षांच्या मुलांना असल्या गोष्टी सांगूं नयेत, असें एका सहकाऱ्याचें मत पडलें. मला मात्र वाटलें कीं, आठव्या वर्षीं न सांगितलेली ही गोष्ट अठ्ठाविसाव्या वर्षीं कोणी सांगत नाहीं. म्हणून मीं सर्व हकीकत सांगितली. बांधावरच्या मुलाला मीं बाजूला सारलें, तेंही सांगितलें.

वर्ग गप्प झाला. मग आंबेमोहोराचें झाड आंब्याएवढें मानणाऱ्या त्याच मुलीनें विचारलें, "त्यांना किती वेळां वांकावें लागलें असेल?" हें गणित आम्हीं जमिनीवर केलें. फरशीवर खडूनें एक मीटर लांबीरुंदीचा चौकोन आंखला. दोन ओळींत २० सेंटिमीटर व ओळींतील दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर धरून ठिपके मांडले. चौरस मीटरांत सुमारें ३३ चूड आले. अर्धा गुंठा म्हणजे सुमारें ५० चौरस मीटर. म्हणजे आमच्या मदतीमुळें त्या दोघींना सुमारें १,६५० चूड दुसऱ्यांदा लावावे लागले. एका एकराचें गणित मीं फळ्यावर मांडलें: १ लक्ष ३० हजारांहून अधिक. दीड एकराचा आंकडा त्यांना वाचतां येईना. तो मींच वाचून दाखविला. शून्यें मोजतां मोजतां एका मुलानें नकळत आपल्या कमरेवर हात ठेवला, तें मला अजून आठवतें.

आजींनीं दिलेलीं रोपें आम्हीं शाळेच्या आवारांत दोन घमेल्यांत चिखल करून लावलीं. एकांत आजींच्या पद्धतीनें, दुसऱ्यांत आमच्या. महिन्याभरांत फरक डोळ्यांना दिसूं लागला: पहिल्या घमेल्यांतील चूड फुटून पसरला, दुसऱ्यांतील झुबका दाटींत तसाच उभा राहिला. ‘चूक’ या शब्दाचा अर्थ मीं लाल शाईनें हजारों वेळां लिहिला आहे. पण मुलांना तो इतक्या शांतपणें समजलेला मीं प्रथमच पाहिला. चूक म्हणजे रागावण्याची गोष्ट नव्हे. ती कोणाच्या तरी शेतांत उगवते, आणि तिची भरपाई कोणी तरी करीत असतो.

मुलांनीं एक पत्र लिहिलें. आजींना वाचतां येत नाहीं. पत्र वाचलें त्यांच्या नातवानें. तोही तिसरींतच होता, गांवच्या जिल्हा परिषद शाळेंत. उत्तर आलें तें त्याच्या आवाजांत, त्याच्या वडिलांच्या दूरध्वनीवरून: "कापणीला या. पण विळा हातांत घ्यायचा नाही. सरवा वेचायला या." सरवा म्हणजे कापणीनंतर शेतांत पडून राहिलेलीं कणसें, लोंब्या, दाणे. हा शब्द माझ्या वर्गांत कोणाला ठाऊक नव्हता. शब्दकोशांत शोधण्यापेक्षां शेतांत जाऊन तो शिकावयाचें आम्हीं ठरविलें.

त्या वर्षीं ऑक्टोबरांत परतीच्या पावसानें पुणें जिल्ह्याला झोडपलें. आमच्या ओळखीच्या खाचरांतील कांहीं पीक आडवें झालें होतें. नोव्हेंबरांत दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही गेलों तेव्हां कापणी उरकत आली होती, आणि लोळलेल्या भाताच्या लोंब्या ठिकठिकाणीं विखुरल्या होत्या. या वेळीं मीं "मदत" हा शब्द उच्चारला नाहीं. शेतकऱ्याला आधीं विचारून दिवस ठरविला होता. आमच्यापायीं मोडणाऱ्या वेळाचा मोबदला वर्गणी काढून आधींच दिला होता. आणि गांवच्या शिक्षकांच्या संमतीनें तेथील तिसरीचीं मुलें शेतावर आलीं होतीं. शिकविण्याचें काम त्यांनीं केलें, मीं नव्हे. तिसरीचा एक वर्ग तिसरीच्या दुसऱ्या वर्गाला शिकवीत होता: पाऊल कोठें ठेवावें म्हणजे कापलेल्या धाटांचीं टोकें रुतत नाहींत, लोंबी कशी उचलावी म्हणजे दाणे झडत नाहींत, कोणत्या बिळाजवळ जाऊं नये. आजींचा नातू पुढें होता. मीं त्याचें छायाचित्र घेण्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, "काम झाल्यावर."

दोन तासांत मुलांनीं जें वेचलें तें झोडून, पाखडून आजींनीं ताजव्यांत घातलें. चार किलोंना थोडें कमी भरलें. एवढ्याशा धान्यानें त्या घराचें पावसांत गेलेलें नुकसान भरून येणार नव्हतें, हें मुलांनाही कळत होतें. परंतु हें धान्य पाखरांच्या वा उंदरांच्या वाट्याला न जातां कणगींत गेलें, एवढें मात्र निर्विवाद खरें होतें. त्या दिवशींचे निबंध लहान होते. एका मुलानें एवढेंच लिहिलें होतें कीं, वांकल्यावर शेत मोठें दिसतें.

श्रोतेहो, शेत आणि शाळा यांचा संबंध जोडण्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांत वाचन, लेखन व हिशेब यांच्याबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान असावें, अशी मागणी होती. १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनें मूलोद्योग शिक्षणाची जी योजना आंखली, तींत शेती हा एक मूलोद्योग होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आपलें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथें आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळेंत येत नसत. तेव्हां या दोघींनीं शाळाच कुरणांत नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाला जें येतें तें कमी लेखून नव्हे, तर त्यालाच धरून शिकवावयाचें, हा त्यामागील भाव. अगदीं अलीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांकरितां दप्तरावांचून दहा दिवस सुचविले आहेत.

म्हणजे विचारांची वाण नाहीं. परंतु व्यवहारांत पाहावें तर शहरांतील मुलांना शेत भेटतें तें बहुधा करमणुकीच्या वेषांत. २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. शेतकऱ्याला त्यांतून चार पैसे मिळत असतील तर त्याविरुद्ध मला एक शब्दही बोलावयाचा नाहीं. तो त्याच्या कष्टांचा हक्क आहे. माझें म्हणणें आहे तें आम्हां शिक्षकांशीं व पालकांशीं. बैलगाडींत एक फेरी, झोपाळ्यावर चार झोके, पिठलें-भाकरीचें जेवण आणि संध्याकाळीं परत. यानें मुलाला शेत सुंदर असतें एवढें कळतें. शेतावर कोणी तरी राबत असतें, आणि त्याचें पीक एका पावसानें आडवें होऊं शकतें, हें त्यानें कळत नाहीं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दहा शेतें एकदां दाखविण्याऐवजीं एकच शेत दोनदां दाखवा. लावणीच्या वेळीं एकदां आणि कापणीच्या वेळीं एकदां. मधल्या चार महिन्यांत पाऊस आला कीं मुलांना त्या शेताची आठवण झाली पाहिजे. सहलीचा खरा अभ्यास त्या मधल्या काळांतच होतो. जावयाचा दिवस शाळेच्या सोयीनें नव्हे, शेतकऱ्याच्या सोयीनें ठरवा. त्याचा वेळ फुकट मागूं नका. मुलांच्या हातून काय बिघडूं शकतें तें त्याला आधीं विचारा, आणि त्याचा सराव शाळेंतील घमेल्यांत करून घ्या. बांधावर उभ्या असलेल्या मुलाला बाजूला सारूं नका. त्या दिवसाचा शिक्षक बहुधा तोच असतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मुलांना सांगा कीं आपण मदत करावयास नव्हे, शिकावयास चाललों आहोंत. जो शिकावयास जातो तो देणें लागतो. हें देणें लागण्याची जाणीव मुलाच्या मनांत उत्पन्न झाली तर त्या सहलीचें भाडें वसूल झालें.

शेवटीं एकच सांगून आपली रजा घेतों. पुढच्या वर्षीं, २०२३ च्या जुलै महिन्यांत, तींच मुलें चौथींत असतांना पुन्हां लावणीला गेलीं. या वेळीं त्यांनीं रोपें मोजून घेतलीं, पेरें धरून खोली पाहिली, आणि एका तासांत पूर्वींच्या निम्मेंही शेत लावलें नाहीं. मुलांना पुढें धाडून संध्याकाळीं मी मुद्दाम मागें राहिलों. आजी कमरेवर हात ठेवून मुलांच्या ओळी निरखीत होत्या. मग त्या चिखलांत उतरल्या. निम्मीं रोपें त्यांनीं उपटलीं. निम्मीं राहूं दिलीं.